वारसा समितीवर गवंडीही हवा

मुंबईत १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. आपल्या देशात शहराच्या पातळीवर जुन्या इमारतींसाठी स्वतंत्र नियम होण्याची ती सुरुवात मानली जाते. वारसा संवर्धन समितीवर कोणकोण असावं, हेही त्या नियमावलीत लिहिलेलं होतं. शासनानं नेमलेला अध्यक्ष, दहा वर्षांचा अनुभव असलेला संरचना अभियंता, वास्तुविशारद, पर्यावरणाचा जाणकार, शहराच्या इतिहासाचा जाणकार, संग्रहालयाचे प्रमुख आणि महापालिकेचे अधिकारी. पुढे राज्यातल्या इतर शहरांनी समित्या नेमल्या, त्यांची घडणही थोड्याफार फरकानं अशीच राहिली. अशाच एका शहरात, जिथं माझी सगळी नोकरी आणि नंतरचा व्यवसाय झाला, संरचना अभियंत्याच्या जागेवर माझी नेमणूक झाली. नेमणुकीसाठी माझी पदवी, परवाना आणि अनुभवाचे दाखले तपासले गेले. ते तपासायलाच हवे होते. पण त्या समितीवर मला जे ज्ञान खऱ्या अर्थानं उपयोगी पडलं, त्यातलं बरंचसं मी कोल्हारात, अण्णांच्या हाताखाली शिकलो होतो. अण्णा म्हणजे माझे वडील. ते गवंडी होते आणि मराठी चौथीपर्यंत शिकलेले होते. कोणत्याही वारसा समितीच्या कोणत्याही रकान्यात त्यांचं नाव बसलं नसतं.

नगर-मनमाड रस्त्यानं राहुरी मागं टाकली की प्रवरेचा पूल लागतो. पुलाच्या अलीकडे कोल्हार खुर्द, पलीकडे कोल्हार बुद्रुक आणि त्याला खेटून भगवतीपूर. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर आणि वणी या चारही ठिकाणच्या देवी इथं एकत्र नांदतात, अशी आमच्याकडची श्रद्धा. पौष पौर्णिमेला भगवतीची यात्रा भरते, तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. माझ्या लहानपणी गावातल्या आणि आसपासच्या वाड्यांची, विहिरींची, देवळांची डागडुजी निघाली की अण्णांना बोलावणं यायचं. शाळेला सुट्टी असली की मी बरोबर असे. ओळंबा धरायचा, पाणसळ आणून द्यायची आणि चुन्याकडं लक्ष ठेवायचं, ही माझी कामं.

चुन्याचं काम सावकाशीचं असतं. चुनखडी भट्टीत भाजायची, मग पाण्यात विरवायची. विरताना ती फसफसून उकळते आणि जवळ उभं राहिलं तर डोळे चुरचुरतात. मग वाळू किंवा विटांची भुकटी घालून ते मिश्रण घाणीत टाकायचं. जमिनीत गोल चर, चरात दगडी चाक आणि चाकाला बैल. बैल फिरत राहायचे, चुना मळला जायचा. मळलेला चुना लगेच भिंतीला लावत नसत. तो ओला ठेवून मुरवायचा. काम कसं आहे ते पाहून त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर किंवा हिरड्याचं पाणी पडायचं. अण्णा चिमटीत चुना घेऊन अंगठ्यानं चोळायचे. वाळूचा कण बोटाला वेगळा लागला की म्हणायचे, "अजून फिरव." हा कण वेगळा लागणं म्हणजे काय, हे मला कधीच कुणाला शब्दांत नीट सांगता आलेलं नाही. ते बोटांनाच कळतं.

लोणीचा साखर कारखाना १९५० मध्ये सुरू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या त्या प्रयत्नानं आमच्या भागाचं नशीब पालटलं. उसाचा पैसा आला आणि पैशाबरोबर सिमेंट आलं. अण्णांनी सिमेंटला कधी नावं ठेवली नाहीत. ते स्लॅबच्या घरांवरही आनंदानं राबले. त्यांचं म्हणणं एवढंच असे की नव्या कामाला सिमेंट लावा, पण चुन्याच्या भिंतीला चुनाच लावा. पुढे अभियांत्रिकी शिकल्यावर मला त्याचं कारण कळलं. चुन्याचा सांधा दगड-विटांपेक्षा मऊ असतो आणि ओल बाहेर सोडतो. त्या सांध्यांत सिमेंट भरलं की ओलीची वाट बंद होते. मग ती विटेतून, दगडातून बाहेर पडायला बघते, येताना क्षार घेऊन येते आणि वीट पापुद्र्या-पापुद्र्यानं सुटू लागते. वरून भिंत नवी दिसते आणि आतून कुजते. महाराष्ट्रातली किती देवळं, वेशी आणि वाडे अशा दुरुस्तीनंच कमकुवत झाले आहेत, ते गावोगाव फिरणाऱ्या कुणालाही दिसेल.

चुना म्हणजे कच्चं काम, असा समज अजून आहे. आमच्या प्रवरेचं पाणी अडवणारं भंडारदऱ्याचं धरण १९२६ मध्ये पुरं झालं, ते दगड-चुन्यातलंच आहे. १९६९ मध्ये त्याला भेगा दिसल्या, नंतर ते बळकट करण्यात आलं आणि आजही ते उभं आहे. अकोले तालुक्यापासून श्रीरामपूर-नेवाशापर्यंतच्या शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या चुन्याच्या भरवशावर शेती करत आल्या.

समितीचं काम बाहेरून वाटतं तेवढं झगमगीत नसतं. वारसा यादीतल्या इमारतींची श्रेणी ठरलेली असते. पहिल्या श्रेणीत राष्ट्रीय किंवा मोठं ऐतिहासिक महत्त्व असलेल्या वास्तू, तिथं अगदी आवश्यक तेवढाच हात लावायचा. दुसऱ्या श्रेणीत त्या प्रदेशासाठी महत्त्वाच्या वास्तू आणि तिसऱ्या श्रेणीत गल्लीला, वस्तीला तिचं रूप देणाऱ्या. या इमारतींत बदल करायचा, दुरुस्ती करायची किंवा त्या पाडायच्या म्हटलं की कागद समितीपुढे येतो. समिती सल्ला देते, परवानगी देणारं प्रशासन असतं. बैठकीत नकाशे पसरले जातात, छायाचित्रं फिरतात, चहा येतो आणि बहुतेक प्रकरणांचा निर्णय टेबलावरच होतो. जिथं समिती जागेवर गेली, तिथं मात्र मला दरवेळी काहीतरी नवं कळलं.

त्यातली एक पाहणी सांगण्यासारखी आहे. शहराच्या जुन्या भागात एक वेस होती. भक्कम दगडी बांधणी, वर नगारखान्याची पडकी खोली. कमानीच्या डाव्या खांद्यावर भेग पडली होती आणि आतल्या बाजूला भिंत कायम ओली असे. पाया खचला असावा, असा ठेकेदाराचा अंदाज होता. कमानीखाली काँक्रीटची चौकट घालायची आणि सगळ्या सांध्यांना सिमेंट भरायचं, असं अंदाजपत्रक तयार होऊन आलं होतं. चौकट बसली असती तर वेशीचं तोंड अरुंद झालं असतं आणि तिची शानच गेली असती. आम्ही भेगेची रुंदी मोजत होतो, पायाजवळ छोटा खड्डा घेऊन पाहत होतो. तेवढ्यात वेशीला लागून असलेल्या घराच्या ओट्यावर भाजी निवडत बसलेल्या आजी म्हणाल्या, "सायेब, खाली काय बघताय? वर पन्हाळ हाय, ती बुजवल्यापासून ह्ये पाणी आत मुरतंय."

एक जण शिडी लावून वर चढला. गच्चीवर गळती थांबवण्यासाठी वेळोवेळी सिमेंटचे थर दिले गेले होते आणि त्या थरांखाली दगडी पन्हाळीचं तोंड पुरतं गाडलं गेलं होतं. पावसाचं पाणी गच्चीवर साचत होतं, भिंतीच्या गाभ्यातल्या भरावात उतरत होतं आणि चुना धुऊन नेत होतं. त्याच ओलीवर पिंपळानं मूळ धरलं होतं आणि ते मूळ कमानीच्या खांद्यात शिरलं होतं. पाया ठणठणीत होता. आजी लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा पन्हाळ वाहत होती. पहिल्या पावसात पोरं तिच्या धारेखाली नाचायची, असं त्या सांगत होत्या. पन्हाळ मोकळी केली, पिंपळ मुळासकट काढला, भेगेत चुना भरला. काँक्रीटच्या चौकटीची गरज उरली नाही.

इतिवृत्तात वाक्य आलं: 'स्थळपाहणीत असे आढळले की…' आजींचं नाव त्यात नव्हतं आणि येण्यासारखी सोयही नव्हती. त्या ना सदस्य होत्या, ना निमंत्रित, ना अर्जदार. पण त्या वेशीविषयी आमच्यापैकी कुणापेक्षाही जास्त माहिती त्यांना होती, कारण प्रत्येक पावसाळ्यात त्यांनी ती भिंत पाहिली होती. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. समितीवर तज्ज्ञ हवेतच. भेगेचं कारण कळल्यावर उपाय काय करायचा हे ठरवायला शास्त्र लागतं. पण वास्तूजवळ राहणारा, ती वापरणारा आणि तिला हातानं दुरुस्त करणारा माणूसही त्याच टेबलाशी, त्याच दर्जानं बसला पाहिजे. उपकार म्हणून बोलावलेला पाहुणा नव्हे, नेमलेला सदस्य.

हे अशक्य नाही. न्यूयॉर्कमध्ये पेन्सिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत १९६३ पासून पाडली गेली. लोक हळहळले, चिडले आणि १९६५ मध्ये त्या शहरानं वारसा कायदा केला. त्यांच्या आयोगावर अकरा सदस्य असतात. त्यात वास्तुविशारद हवेत, इतिहासकार हवा, असे नियम आहेतच. पण शहराच्या पाचही भागांतला किमान एकेक रहिवासी हवा, अशीही अट आहे. तिथं राहणं हीच पात्रता मानलेली आहे. चार्ल्स्टन या अमेरिकन शहरानं तर १९३१ मध्येच आपल्या जुन्या वस्तीसाठी नियम करून मंडळ नेमलं होतं.

आता दुसरी बाजू. जुनी घरं जपा म्हणणाऱ्यांनी एकदा तरी वाड्याच्या मालकाच्या घरी बसून यावं. एका पाहणीत दुमजली वाड्याचे मालक आम्हाला माडीवर घेऊन गेले. सागवानी खांब, कोरीव हस्त, खाली कौलांतून गळलेल्या पाण्याचे डाग आणि ठिकठिकाणी ठेवलेली पातेली. "तुम्ही ठेवा म्हणता. आम्हालाही ठेवायचाय. पण दर पावसाळ्याआधी कौलं कोण फिरवून देणार? तीन भावांत वाटण्या व्हायच्यात," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, थकवा होता. मुंबईच्या नियमावलीत वारसा यादीमुळे बांधकामाचा हक्क गमावणाऱ्या मालकाला तो हक्क हस्तांतरित करून भरपाई मिळवायची सोय आहे. जिथं जमिनीला सोन्याचा भाव आहे, तिथं त्या सोयीला अर्थ आहे. कोल्हारासारख्या गावात हक्क विकायचा तर घेणार कोण? इथं मालकाला हवे असतात शाकारणी जाणणारा माणूस, थोडे पैसे आणि वाडा पाडला नाही म्हणून चार लोकांनी दिलेला मान. वारसा समितीत मालकांचाही माणूस असावा, असं मी म्हणतो ते यासाठी. ज्याच्या डोक्यावर ते छप्पर गळतं, त्याला वगळून घेतलेला निर्णय कागदावरच राहतो.

व्यवसाय आवरून मी कोल्हारात परत राहायला आलो तेव्हा मनात प्रश्न होता की इथं, गावात, हे काम कुणाचं? केंद्राचा १९५८ चा कायदा राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांना संरक्षण देतो, राज्याचा १९६० चा कायदा राज्य संरक्षित स्मारकांना. ही यादी छोटी असते. गावातली वेस, पार, बारव, घाट, धर्मशाळा, वीरगळ यातलं बहुतेक या दोन्हींच्या बाहेर राहतं. शहरात निदान वारसा समितीची तरतूद आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी अकरावी अनुसूची दिली, तिच्यात एकोणतीस विषय आहेत. सांस्कृतिक कार्यक्रम आहेत, ग्रंथालयं आहेत, सामुदायिक मालमत्तेची देखभाल आहे; पण जुन्या वास्तूंचा वारसा असा विषय नाही. म्हणजे जिथं सगळ्यात जास्त वारसा उघड्यावर पडला आहे, तिथंच त्याला वाली नाही.

आणि प्रवराकाठ म्हणजे लहानसहान ठेवा नव्हे. संगमनेरजवळच्या जोर्वे गावी १९५०-५१ मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण युगातल्या एका संपूर्ण संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. नेवाशाला हसमुख सांकळियांनी उत्खनन केलं. त्याच नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली. आणि श्रीरामपूर तालुक्यातलं दायमाबाद. तिथं १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल या शेतकऱ्याला झाडाचं खोड खणून काढताना ब्राँझच्या चार वस्तू सापडल्या: बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, रेडा, हत्ती आणि गेंडा. चार वस्तूंचं मिळून वजन साठ किलोंहून जास्त. त्या शोधानं भारतीय पुरातत्त्वाचं लक्ष प्रवरेकडं नव्यानं वळलं. पुढे १९७९ पर्यंत तिथं उत्खनन चाललं आणि सावळदा संस्कृतीपासून उत्तर हडप्पा आणि पुढे जोर्वे संस्कृतीपर्यंतच्या वस्त्या उजेडात आल्या.

माझ्या दृष्टीनं या गोष्टीत शिकण्यासारखं खूप आहे. अभ्यासकांना ते स्थळ १९५८ पासून ठाऊक होतं, एकदा उत्खननही झालेलं होतं. तरी तिथला सर्वांत मोलाचा ठेवा जमिनीतून वर काढला तो एका भिल्ल शेतकऱ्यानं. जमिनीवर रोज कुदळ चालवणाऱ्या माणसाला जे सापडतं, ते पुढे अभ्यासकापर्यंत पोचेल की भंगारात जाईल, हे गावात त्या वेळी कुणी विश्वासानं ऐकून घेणारं आहे का, यावर अवलंबून असतं. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे सापडलेल्या ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. खबर देणाऱ्याला पोलिसांचीच भीती वाटत असेल, तर तो गप्प बसतो. गावातल्या समितीवर भिल्ल वस्तीतला माणूस असेल तर त्याला ही भीती वाटायचं कारण उरत नाही. त्याला समितीवर घेण्यात दयाबुद्धी नाही, व्यवहार आहे.

गावात लोकांना नेमून समिती करायचा नमुना आपल्याकडं आहेच. जैवविविधता कायदा २००२ चा, त्याचे पहिले नियम २००४ चे. प्रत्येक स्थानिक संस्थेनं, म्हणजे ग्रामपंचायतीनंही, जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते. २००४ च्या नियमांत तिची घडण अशी होती: अध्यक्ष आणि संस्थेनं नेमलेले जास्तीत जास्त सहा सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश महिला, शिवाय अनुसूचित जाती-जमातींना ठरलेला वाटा. समितीनं गावातल्या झाडा-झुडपांची, पिकांच्या वाणांची, औषधी वनस्पतींची आणि त्याविषयीच्या ज्ञानाची लोकांकडूनच नोंदवही तयार करून घ्यायची. वैदू, शेतकरी, मासेमारी करणारे यांना तिथं जाणकार मानलेलं आहे. राष्ट्रीय हरित लवादानं मुदत घातल्यावर २०२० च्या आधी राज्यभर या समित्यांची कागदपत्रं भराभर झाली. घाईत केलेल्या समित्या कागदावर राहतात, हेही त्यातून शिकण्यासारखं आहे. पण कल्पना अस्सल आहे. लिंबाच्या झाडाची माहिती वैदूकडून लिहून घ्यायची असं कायदा म्हणू शकतो, तर त्या लिंबाखालच्या पाराची माहिती गवंड्याकडून लिहून घ्यायला काय हरकत आहे?

नेमणुकीची वाट न पाहता काम करणारेही आहेत. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेत गावोगावच्या लोकांनी बारवांची ठिकाणं कळवली, गाळ-कचरा काढला, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावले. ज्या बारवेला आजवर कचराकुंडी मानत होते, तिच्या पायऱ्या गावकऱ्यांनी स्वतःच्या हातानं मोकळ्या केल्या. अशा उत्साहाला गावात टिकाऊ आधार मिळायचा तर नेमलेली माणसं लागतातच. पुढच्या वर्षी गाळ कोण काढणार, कुणी बारवेवर स्लॅब टाकायला निघालं तर कुणाकडं जायचं, हे ठरलेलं असावं लागतं.

म्हणून आम्ही काही जणांनी घरगुती स्वरूपात एक नोंदवही सुरू केली आहे. तिला कसलाही अधिकार नाही. वही, मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा एवढंच आमचं साहित्य. वस्तू कुठं आहे, कशाची आहे, मालकी कुणाची, शेवटची दुरुस्ती कुणी केली, कशानं केली आणि तिच्याविषयी कोण बोलू शकेल. शेवटचे दोन रकाने मी आग्रहानं घातले. शहरातल्या वारसा याद्यांत वास्तुशैली असते, काळ असतो, छायाचित्र असतं. दुरुस्ती करणाऱ्याचं नाव मला क्वचितच दिसलं.

या कामात बायकांकडून मिळालेली माहिती सर्वांत नेमकी निघाली. नदीचं पाणी कोणत्या पायरीपर्यंत आलं म्हणजे धोका, हे कपडे धुणाऱ्या बायकांना ठाऊक. कोणत्या आडाचं पाणी डाळ शिजवायला चांगलं होतं, हेही त्यांनाच ठाऊक. प्रवराकाठच्या एका गावात ओढ्याकाठी धुण्याचा दगड म्हणून वापरात असलेला वीरगळ एका मावशींनी दाखवला. "ह्याच्यावर माणसं हायेत, म्हणून आम्ही उलटा टाकलाय, पाय लागू नये म्हून," त्या म्हणाल्या. दगड उलटला तर खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला वीर लढताना, मधल्या चौकटीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चेहरे मातीखाली राहिल्यामुळे ठसठशीत टिकले होते. शेंदराचे थर चढलेल्या कितीतरी वीरगळांवर आता काही ओळखू येत नाही. त्या मावशींनी आदरापोटी जे केलं, त्यानं तो दगड वाचला.

गावात समिती म्हटली की राजकारण येणार, असं मला पुष्कळ जण सांगतात. येणारच. माझ्या शहरातल्या समितीतही शिफारशी होत्या, ओळखी होत्या. त्यावर उपाय समिती न नेमणं हा नव्हे; उघड्यावर नेमणं हा आहे. ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे ग्रामसभेला आपल्या समित्या नेमता येतात. नावं ग्रामसभेत मांडावीत, माणूस का हवा ते मांडणाऱ्यानं उभं राहून सांगावं. मुदत तीन वर्षांची असावी. ज्याला दुरुस्तीचा ठेका घ्यायचा आहे, त्यानं समितीवर बसू नये. ज्याच्या मालकीच्या वास्तूचा विषय निघेल, त्याचं म्हणणं पूर्ण ऐकावं, पण त्या निर्णयात त्यानं भाग घेऊ नये. प्रत्येक पाहणीचं इतिवृत्त चावडीत लावावं आणि ज्यानं माहिती दिली त्याचं नाव त्यात लिहावं. एवढं पाळलं तर राजकारणाला वाव कमी राहतो.

मग समितीवर कोण? माझ्या मनातली समिती सांगतो. चुन्याचं काम केलेला एक गवंडी. आता असे फार थोडे उरलेत, म्हणून तो सगळ्यात आधी. दगड घडवणाऱ्यांपैकी एक जण, कारण दगडाचा पोत आणि चीर त्यांना डोळ्यांनी कळते. देवळाची रोजची झाडलोट आणि पूजा करणाऱ्या गुरवाच्या घरातलं कुणीतरी. वाड्याच्या मालकांपैकी एक. भिल्ल वस्तीतला एक. निम्म्या तरी बायका, आणि त्यातली एखादी जात्यावरच्या ओव्या येणारी, कारण गावातल्या जागांची कितीतरी जुनी नावं आता फक्त त्या ओव्यांत उरली आहेत. मशीद-दर्गा सांभाळणाऱ्यांपैकी एक; प्रवराकाठावर निजामशाहीचा काळही नांदून गेला आहे आणि संविधानाच्या ५१-क अनुच्छेदातल्या कर्तव्यात आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जपणं येतं. शाळेतले एक शिक्षक, वही नीट ठेवायला. आणि सल्ल्यासाठी बाहेरचे अभियंता, वास्तुविशारद, पुरातत्त्वाचे अभ्यासक. शहरातल्या समितीत ही माणसं आत असतात आणि गाव बाहेर. इथं ती बोलावल्यावर येतील आणि गाव आत असेल.

वाचकांना माझी विनंती आहे. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी सहसा ग्रामसभा होतात. तुमच्या गावच्या पुढच्या ग्रामसभेला लेखी अर्ज द्या: गावातल्या जुन्या वास्तू आणि वस्तूंची नोंद करण्यासाठी व दुरुस्तीबाबत सल्ला देण्यासाठी ग्रामस्थांची वारसा समिती नेमावी, आणि तिच्या संमतीशिवाय कोणत्याही जुन्या दगडी बांधकामावर सिमेंट किंवा ऑइलपेंट लावू नये. अर्जासोबत निदान तीन नावं सुचवा. त्यातलं पहिलं नाव गवंड्याचं असू द्या, आणि त्याला विचारून घ्या. आम्ही कोल्हारात आमचा अर्ज लिहितो आहोत.